घरातला सर्वांत धाकटा हिशेबनीस

ज्या घरात दोन ते सहा वर्षांचे मूल नांदते, त्या घराला करमणुकीसाठी वेगळी तरतूद करावी लागत नाही. सकाळच्या दुधापासून रात्री दिवा मालवेपर्यंत काही ना काही घडतच असते. आपण ते पाहुण्यांना सांगतो, पोटभर हसतो आणि विसरून जातो. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या दुपारी बहुधा नातवंडांच्या आणि स्नेह्यांच्या मुलांच्या सहवासात जातात. त्यांचे बोलणे ऐकताना एक गोष्ट पुनःपुन्हा ध्यानात येते. आपण जिला गंमत म्हणतो, ती मुलाच्या लेखी गंमत नसतेच. आपण दिलेले शब्द आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी यांची त्याने प्रामाणिकपणे मांडलेली ती बेरीज असते.

आमच्या परिचयातील एक आजोबा रोज सकाळी वाळूचे घड्याळ समोर ठेवून सामायिकास बसतात. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एके दिवशी चाळीस मिनिटे झाली असतील, तोच साडेतीन वर्षांचा नातू आला, त्याने घड्याळाकडे काळजीने पाहिले आणि ते उलटे करून ठेवले. खाली जमलेली चाळीस मिनिटांची वाळू वर गेली. आजोबा मौनात, बोलणार कसे? त्यांनी शांतपणे आणखी चाळीस मिनिटे काढली. सामायिक पारल्यावर नातवाला विचारले, तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, "दादाजी, तुमची वाळू संपत आली होती. मी भरून दिली." या मुलाला खोडकर कोण म्हणेल? घरातील डबा रिकामा होत आला की तो भरतात, हे त्याने आईकडून पाहिले होते. त्याने तेच केले.

भाषेच्या बाबतीत तर ही मुले अक्षराला अक्षर लावून पाहतात. आपण व्यापारी माणसे. 'सोन्याचे भाव पडले' हे वाक्य आपल्या घरात सहज उच्चारले जाते. ते ऐकून एक चिमुरडी कपाटाखाली वाकून पाहू लागली. 'त्या पार्टीकडे आपले पैसे बुडाले' असे वडील खिन्नपणे सांगत असता पाच वर्षांच्या चिरंजीवांनी गळ टाकण्याची सूचना केली. आणि एका मातोश्री कंटाळून "माझं डोकं खाऊ नकोस" असे म्हणाल्या, तेव्हा त्यांची कन्या दुखावल्या स्वरात उद्गारली, "मम्मी, आपण तसलं काही खात नाही!" त्या घरात कांदाही येत नाही. मुलीचा आक्षेप सर्वस्वी रास्त होता.

चौविहाराची गोष्ट अशीच. सूर्यास्तानंतर खाऊ मिळणार नाही, हे साडेचार वर्षांच्या एका बाळाला समजावले होते. संध्याकाळी साडेसात वाजता न्यू जर्सीहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे खिडकीत लख्ख ऊन पडलेले होते. बाळाने ते पाहिले, क्षणभर विचार केला आणि दादीकडे वळून म्हटले, "आत्याकडे सूर्य आहे. मी फोनसमोर बसून खाऊ का?" पृथ्वी गोल असल्याचे त्याला अद्याप कोणी शिकवलेले नाही. तरीही एकच सूर्य इथे मावळतो आणि तिथे दिसतो, हे कोडे त्याच्यापुढे उभे राहिले होते आणि त्याने ते स्वतःच्या सोयीने सोडवलेही होते.

मुलांच्या अशा उत्तरांकडे गांभीर्याने पाहणारे अभ्यासक झाले आहेत. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी ओतून दाखवले आणि नंतर एका पेल्यातील पाणी उंच व अरुंद पेल्यात ओतले. साधारणपणे सात वर्षांखालील मुले उंच पेल्यात पाणी अधिक आहे असे सांगतात. हा प्रयोग आपण घरी ताकावर करून पाहावा. भावंडांतील निम्मी भांडणे कशी लागतात आणि कशी मिटवता येतात, ते चटकन उमगेल. दहाच्या एका नोटेपेक्षा रुपयाची पाच नाणी ज्याला मोठी रक्कम वाटते, तो नातू मूर्ख नसतो. मोजणे तो शिकला आहे. मूल्य शिकायचे आहे.

व्यापारी कुटुंबांना विशेष रस वाटावा असा एक अभ्यास ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ गुस्ताव जाहोदा यांचा आहे. दुकानदाराला नफा कसा होतो, याविषयी मुलांच्या कल्पना त्यांनी तपासल्या. दुकानदार ज्या भावाने माल आणतो त्याच भावाने विकतो, असे तेथील अनेक मुलांना वाटत होते. पुढे १९८३ साली त्यांनी झिंबाब्वेतील नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्या लहानसहान खरेदी-विक्रीत भाग घेणारी तेथील मुले या बाबतीत ब्रिटिश मुलांच्या पुढे निघाली. आपल्या पेढीवर आजोबांच्या शेजारी बसणारे नातवंड काय शिकत असते, याची त्यावरून कल्पना यावी. अर्थात तेथेही सुरुवात गोंधळानेच होते. एका किराणा दुकानात चार वर्षांच्या मुलाने गिऱ्हाईक गेल्यावर वडिलांना विचारले, "त्यांनी पैसे दिले. आपण साखर दिली आणि वर पैसेही दिले. मग आपल्याला काय उरलं?" सुट्या पैशांचे गणित त्याला माहीत नव्हते, पण प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचा होता.

येथवरचे प्रसंग हसण्याचे झाले. आता जो सांगतो, त्यावर कोणी हसले नाही.

गेल्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्यानिमित्त, मी एका स्नेह्यांकडे गेलो होतो. कापडाचा जुना व्यवसाय. काही वर्षांपूर्वी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि बोलणे बंद पडले. स्नेही मोबाइलवरून सर्वांना क्षमापनेचा संदेश पाठवीत होते. पाच वर्षांची नात मांडीला टेकून बसली होती.

"दादाजी, हे कोणाला पाठवता?"

"सगळ्यांना, बेटा."

"सगळे म्हणजे किती?"

"असतील दोनशे साठ."

"त्यात मोठे दादाजी आहेत?"

स्नेही गप्प राहिले. मुलगी मात्र आपल्या हिशेबात गढलेली होती. "या दोनशे साठ काकांशी तुमचं भांडण कधी झालं?"

सूनबाई लगबगीने पुढे झाल्या आणि तिला आत नेऊ लागल्या. स्नेही म्हणाले, "राहू दे तिला." थोड्या वेळाने त्यांनी टोपी घातली, नातीचे बोट धरले आणि ते जिना उतरून गेले. थोरल्या भावाचे घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. तेथे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. परत आल्यावर मुलीने आम्हाला फक्त एवढेच सांगितले, "त्यांच्याकडे पण आपल्यासारखंच घड्याळ आहे!" वडिलांनी घेतलेल्या जोडीतील एक घड्याळ वाटणीत इकडे आले होते आणि एक तिकडे राहिले होते.

'मिच्छामि दुक्कडम्' या शब्दांचा अर्थ आपण सारे जाणतो : माझे दुष्कृत मिथ्या होवो. ते दुष्कृत कोणते आणि कोणाच्या बाबतीत, हा साधा प्रश्न मात्र त्या मुलीने विचारला. तिला आत नेले असते आणि पुढे पाहुण्यांत 'आमची फार चुरूचुरू बोलते' म्हणून सर्वजण हसले असते, तर पुढच्या वर्षी तिने तो विचारला नसता.

म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. मुलांसोबत जरूर हसावे. त्यांना हसू नये. हल्ली मुलाने काही मजेचे म्हटले की लगेच मोबाइल पुढे येतो आणि "पुन्हा म्हण बघू" असा आग्रह होतो. दुसऱ्यांदा ते मूल विचार करून बोलत नाही, आपल्याला हवे म्हणून बोलते. तिसऱ्यांदा ते लाजते किंवा सोंग करू लागते. भावनगरचे गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून मुलांसाठी आयुष्य वेचले. त्यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनी ते कार्य महाराष्ट्रात रुजवले. मूल ही स्वतंत्र, मान देण्याजोगी व्यक्ती आहे, हेच या दोघांच्या शिकवणुकीचे सार होते. मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावे; येत नसेल तर 'आपण मिळून शोधू' म्हणावे; आणि प्रश्न आपल्यावरच येऊन ठेपला, तर त्याला आत पाठवू नये.

या बोलण्याचा काळ फार थोडा असतो. शाळेच्या दोन-तीन इयत्ता झाल्या की भाव पडले म्हणून कपाटाखाली कोणी वाकत नाही. येत्या दिवाळीत वहीपूजनासाठी नव्या वह्या आणाल, तेव्हा एक वही अधिक आणावी. तीत तारीख घालून मुलांची वाक्ये जशीच्या तशी उतरवावीत. काटछाट करू नये आणि शुद्धलेखनही सुधारू नये. दादीने लिहावे, आत्याने फोनवरून भर घालावी. वीस वर्षांनी ते मूल स्वतःच्या घरी ती वही उघडील, तेव्हा त्याच्या मांडीला टेकून बहुधा आणखी कोणीतरी बसलेले असेल.