साखरेचे नैसर्गिक पर्याय

शुद्धीकरण केलेल्या पांढऱ्या साखरेऐवजी अन्नात गोडी आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गूळ, काकवी, मध, खजूर इत्यादी पदार्थांना साखरेचे नैसर्गिक पर्याय म्हणतात. महाराष्ट्रात यांपैकी गूळ सर्वाधिक प्रचलित आहे. मराठवाड्यात, परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या परिसरासह, पुरणपोळीबरोबरची गुळवणी, संक्रांतीचा तिळगूळ आणि उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे ठेवले जाणारे गूळ-पाणी ही त्याची परिचित रूपे होत.

गूळ व साखर

दोन्ही पदार्थ उसाच्या रसापासूनच तयार होतात; फरक प्रक्रियेचा आहे. गुऱ्हाळात रस गाळून मोठ्या काहिलीत, वाळलेल्या चिपाडांच्या जाळावर उकळतात. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घातल्याने मळ वर येतो व तो झाऱ्याने काढून टाकतात. सुमारे १०५ अंश सेल्सियसला काकवी मिळते, तर सुमारे ११८ अंशांपर्यंत आटवलेला पाक साच्यात ओतल्यावर गुळाची ढेप तयार होते. साखर कारखान्यात मात्र साखरेचे स्फटिक वेगळे काढले जातात आणि रसातील लोह, कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखी खनिजे मुख्यतः मळीत जातात. त्यामुळे साखरेत ९९ टक्क्यांहून अधिक सुक्रोज उरते. गुळात ही खनिजे काही प्रमाणात टिकून राहतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

बाजारात पिवळाधमक गूळ चांगला समजला जातो. हा समज बहुधा उलटा ठरतो. रंग उजळण्यासाठी रसात सोडियम हायड्रोसल्फाइट ही पावडर टाकली जाते व तिच्यामुळे गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश राहतो. भारतीय मानकांनुसार हे प्रमाण दहा लाख भागांत ७० भागांहून अधिक असू नये. रसायनाविना केलेला गूळ सहसा तपकिरी वा काळपट असतो.

आरोग्यविषयक मर्यादा

‘नैसर्गिक’ या शब्दामुळे होणारा सर्वांत घातक गैरसमज म्हणजे मधुमेही व्यक्तीला गूळ वा मध चालतो हा होय. १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच गुळातून सुमारे ३८०; रक्तातील साखर दोन्हींमुळे वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मध व फळांचा रस यांतील शर्कराही मर्यादेत धरली आहे. ही मर्यादा दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्के, म्हणजे २,००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅम इतकी आहे. गुळातील लोहासाठी गूळ भरपूर खाणे हा सौदा त्यामुळे फायद्याचा ठरत नाही. पालेभाज्या व कडधान्ये अधिक उपयोगी पडतात. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

खजुराची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो अख्खा खाल्ल्यास शर्करेबरोबर तंतुमय पदार्थही पोटात जातात. स्टीव्हिया या वनस्पतीच्या पानांपासून काढलेले घटक साखरेपेक्षा सुमारे २०० ते ३०० पट गोड असून त्यांतून जवळजवळ ऊर्जा मिळत नाही. तथापि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हियासह बिगर-शर्करा गोड पदार्थांचा आधार घेऊ नये, असे याच संघटनेने २०२३ मध्ये सुचविले. पाकीटबंद खाद्यपदार्थांत द्रवरूप ग्लुकोज, मक्याचा पाक, माल्टोडेक्सट्रिन अशा नावांनी प्रक्रियायुक्त शर्करा आढळतात. ‘गुळाचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या घटकसूचीतही त्या असू शकतात.