खेळात आधी दिसलेले शहर

नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील कला विद्यापीठात व्हिडिओ गेमची रचना हा अध्ययनाचा व संशोधनाचा विषय आहे. चित्र, ध्वनी आणि संगणकीय आज्ञावली यांचा मेळ तेथे घातला जातोच. परंतु मूळ प्रश्न असतो तो खेळणाऱ्याने नेमके काय करावे, हा.

त्या शहरात रेल्वे स्थानकाच्या परिसराचा कायापालट करण्याची योजना होती. नकाशा वाचणे सर्वांनाच साधत नाही, याचा योजनाकारांना सहसा विसर पडतो. मग तो भावी परिसर नागरिकांना कसा उमगावा? विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सहकाऱ्यांसमवेत २००६ साली 'द ब्लॉब' हा खेळ रचला. त्यात रंगाने भरलेला गोळा घरंगळत जातो आणि ज्या इमारतीला स्पर्श होईल ती रंगवून टाकतो. रंगवता रंगवता खेळणारा तो परिसर हिंडून घेतो. पुढे टीएचक्यू या कंपनीने त्याचे हक्क घेतले व २००८ साली 'डी ब्लॉब' बाजारात आला. स्थानकाची नवी इमारत २०१६ साली पूर्ण झाली.