उद्योजक रक्ताने घडतो काय?

अमुक जातीच्या रक्तातच व्यापार असतो, आदिवासीला मात्र उद्योगाची ओढ नसते, असे सुशिक्षितही सहज बोलून जातात. हे मत तपासून पाहावयाचे तर नंदुरबार जिल्ह्याइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल.

नंदुरबारच्या बाजारात हंगामात ओली लाल मिरची येते. व्यापारी ती त्या दिवसाच्या भावाने घेतो व शहराबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर वाळत घालतो. पुढे भाव काय मिळेल, मध्येच अवकाळी पाऊस गाठील की काय, हे त्यास ठाऊक नसते. ठरल्या किमतीने घेऊन अनिश्चित किमतीने विकणारा तो उद्योजक, अशी ओळख रिचर्ड कँटिलॉनच्या १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. शुम्पीटरने १९११ मध्ये जोखमीऐवजी साधनांच्या नव्या जुळणीवर भर दिला. परंतु कँटिलॉनने शेतकऱ्यालाही उद्योजकच मानले होते, याचा पाठ्यपुस्तकांना बहुधा विसर पडतो. मिरची लावणारा आदिवासी शेतकरी जोखीम घेत नाही, असे कोण म्हणेल?

या प्रदेशाला व्यापार नवा नाही. सुरत-बुऱ्हाणपूर मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जाई. सतराव्या शतकात ताव्हेर्नियेने नवापूरचे विणकर व तेथील सुवासिक तांदूळ यांची नोंद केली आहे. मग डोंगरातला माणूस मागे का राहिला?

उत्तर बरेचसे कायद्यात आहे. मोहाची दारू सातपुड्यात घरोघर गाळली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने तो हक्क परवानाधारक मक्तेदारांकडे गेला. (दारूचे समर्थन येथे अभिप्रेत नाही, प्रश्न हक्काचा आहे.) तेच काम एकाचा धंदा ठरले आणि दुसऱ्याचा गुन्हा. जमिनीचेही तसेच झाले. कर्जापायी ती हातची गेली, आणि शहादा परिसरात १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांना त्यासाठी लढा उभारावा लागला. गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा.

शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटील यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. अनेकांचे थोडे थोडे भांडवल एकत्र आणणे, ही शुम्पीटरच्या अर्थाने खरी नवी जुळणीच होय. पण उसाला पाणी लागते, जमीन लागते. ज्यांच्यापाशी ती नाही, अशी याच जिल्ह्यातील असंख्य आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. तेथे त्यांच्या कष्टाळूपणाविषयी कोणी शंका घेत नाही, हे विशेष.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलासारख्या गौण वनोपजावर वनवासीयांचा मालकी हक्क मान्य झाला. फूल मात्र फाल्गुन-चैत्रात पडते आणि त्याच दिवसांत घरातले धान्य सरत आलेले असते. भाव चढेपर्यंत ते राखून ठेवावयाचे तर कोरडे कोठार हवे व तोवरच्या खर्चाला हाती रोकड हवी. ज्याच्याजवळ ही दोन्ही आहेत, त्यालाच कँटिलॉनचा सौदा आजही करता येतो.