अकरा मिलिग्रॅम

सकाळी ८:४०. बॅग लॉकरमध्ये टाकली, ॲप्रन चढवला आणि थेट फ्यूम हूडपाशी गेले. रात्रभर फिरत ठेवलेल्या आरबीत, म्हणजे गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये, काय झालंय ते कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. टीएलसीची पट्टी यूव्ही दिव्याखाली धरली. दोन निळे ठिपके लख्ख चमकले. खालचा मूळ मालाचा, वरचा नवा. रिअॅक्शन अर्धवटच, पण पुढे सरकत नाहीये. थांबवली.

आमच्या रेणूचं मूळ घराणं कॅम्प्टोथेसिनचं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही ते असतं, आणि त्यापायी ते झाड बेसुमार तुटलं. मूळ शोध मात्र एका चिनी झाडातला, १९६६ सालचा, अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी लावलेला. वाणींचा जन्म नंदुरबारचा. टॅक्सॉलही याच जोडीचं. कॅन्सरच्या औषधांवर काम करणाऱ्या पोरांना वाणींचं नाव मला सांगावं लागतं, याचा राग येतो.

१०:००. ज्युनिअरला वर्कअप करायला सांगून मी कागदावर पुढच्या रेणूची शेपटी रेखाटत बसले. कॅम्प्टोथेसिनची खोड जुनी आहे: ते पाण्यात विरघळत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत त्याचं सोडियमचं मीठ दिलं गेलं. विरघळलं, पण त्यासाठी रेणूच्या टोकाचं लॅक्टोनचं कडं उघडावं लागलं. कडं उघडलं की औषधाचा जोर जातो. वर रुग्णांच्या मूत्राशयाला इजा झाली ती वेगळीच. १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन्ही औषधं याच सांगाड्याला शेपट्या जोडून झाली. आमचाही खटाटोप तोच.

११:१५. "मॅडम, कंपाउंड गेलं." सेपरेटिंग फनेलमध्ये खालचा डीसीएम या द्रावकाचा थर जवळजवळ रंगहीन, वरचं पाणी पिवळंजर्द. बायकार्बऐवजी कॉस्टिकची बाटली उचलली होती. कडं उघडलं आणि माल पाण्यात उतरला.

"पाणी फेकलं नाहीस ना?"

"नाही मॅडम."

मग वाचलो. थेंब थेंब ॲसिड टाकत गेलो. पाणी गढुळलं, तळाशी फिकट पिवळा साका बसू लागला. कडं पुन्हा बंद होत होतं. पोरीच्या चेहऱ्यावर रंग परतला.

१:००. हातमोज्यांच्या दोन्ही जोड्या काढून कोपरापर्यंत हात धुतले, मग डबा. डीएनएचा पीळ सैल करायला पेशीतलं एक एन्झाइम त्याची एक दोरी कापतं आणि पुन्हा सांधतं. आमचा रेणू त्या सांध्यात अडकून बसतो आणि पेशी विभागायला गेली की मरते. पेशी कॅन्सरची की केसाच्या मुळाची, हे त्याला समजत नाही. माझी की रुग्णाची, हेही नाही.

२:०० ते ४:३०. कॉलम. सिलिका, टेस्ट ट्यूबा, पुन्हा टीएलसी. यात सांगण्यासारखं काही नाही. दिवसाचा मोठा भाग असाच जातो.

४:४५. बायोलॉजीवाल्यांचा निकाल आला, आमच्या ३१ नंबरचा. ९६ घरांच्या प्लेटमध्ये जिवंत पेशी जांभळ्या दिसतात. ३१ च्या ओळीत जांभळा रंग जवळपास नाहीच. ज्युनिअर हरखली. मी पुढचं पान उलटलं. माणसाच्या प्लाझ्मात तासभर ठेवल्यावर निम्म्याहून जास्त रेणूंची कडी उघडलेली. प्लेटमध्ये पेशी मारणारे रेणू आमच्या फ्रिजमध्ये पडून आहेत. रक्तात टिकणारा हवाय. ३१ बाद.

६:१०. रोटावर शेवटचे फ्रॅक्शन सुकवले. व्हायल आधी रिकामी तोलली, मग भरलेली. चाळीस मिलिग्रॅमवरून सुरुवात केली होती, हाती आले अकरा. व्हायलवर ३२ लिहिलं आणि फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली.

कडं पुरतं बंद झालंय का, ते एनएमआर सांगेल. उद्या ११ चा स्लॉट मिळालाय.