जुनी मोटार आणि घरची माणसे

जुनी मोटार घरी आली की आम्ही प्रथम तिच्या रंगाकडे पाहतो. हा क्रमच चुकीचा आहे. सोलापूरच्या वालचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीची फियाट अकराशेच घ्या. तिच्या ब्रेकतेलाचा मार्ग एकच. एक रबर फुटले की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून ब्रेकची सर्व रबरे व तेल आधी बदलावे. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्यात. आजच्या पेट्रोलमधील २० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलपुढे जुने रबर टिकत नाही. मग रेडिएटर धुवावा. कळंबहून येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनास मुलाबाळांसह निघण्यापूर्वी महिनाभर एकट्यानेच गाडी चालवून पाहावी. गाडी थांबेल याची खात्री पटली, म्हणजेच निघण्याचा अधिकार आपल्याला येतो.