संगणकातील अडगळ काढताना

'सी' ड्राइव्ह भरली, की अनेकजण थेट 'विंडोज' फोल्डर उघडून अनोळखी फाइली पुसू लागतात. त्यातील एखादी आवश्यक फाइल गेली, तर संगणक सुरूच न होण्याची भीती असते. त्याऐवजी विंडोज १० किंवा ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' या क्रमाने जाऊन 'टेम्पररी फाइल्स' उघडावे. तेथील 'थंबनेल्स' निःशंकपणे काढावेत. विंडोज ते पुन्हा तयार करते. मात्र त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असते. लग्नाची छायाचित्रे, विम्याची कागदपत्रे (आपल्या सवयीप्रमाणे) बहुधा तेथेच पडलेली! येथून पुसलेली फाइल 'रिसायकल बिन'मध्येही सापडत नाही. तेव्हा बाह्य डिस्कवर प्रत घेतल्याखेरीज त्या चौकटीत खूण करू नये.