ओझर मिगच्या कुंपणाशी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहणाऱ्याला 'मेड इन यूएसए'चा विनोद कुणी ना कुणी ऐकवतोच. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आमच्या भागात जीन्स शिवल्या जातात. नमुना दुसऱ्याचा, कापड तिसऱ्याचं, शिलाई आमची. त्यामुळे दुसऱ्याच्या नकाशावरून माल बनवणाऱ्यांबद्दल मला आधीपासूनच आपुलकी आहे, आणि विमानांचं वेड त्याहूनही जुनं. ही दोन्ही जिथे एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे नाशिकजवळचं ओझर, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना.

आत मला प्रवेश नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. संरक्षण खात्याचा कारखाना आहे, कुणी हौशी आला म्हणून फाटक उघडत नाहीत. कल्याणहून सकाळची तपोवन, नाशिकरोडला उतरून एसटी आणि मग आग्रा महामार्गावरून द्राक्षबागांच्या कडेकडेने ओझर. इथली वसाहत लोकांच्या तोंडी आजही 'मिग'च आहे. कुंपणाबाहेर उभं राहून धावपट्टीवरून येणारा आवाज ऐकायचा, आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या, एका स्नेह्याच्या ओळखीच्या फिटर काकांशी गप्पा मारायच्या, एवढाच बेत होता. तो पुरेसा निघाला.

विमानं नाशिकला आली ती यशवंतराव चव्हाणांमुळे, असं इथे कुणीही सांगेल. सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार १९६२ च्या ऑगस्टमधला. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. काम मात्र तीन गावांत वाटलं गेलं: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. कटिंग एकीकडे, काज-बटण दुसरीकडे, वॉशिंग तिसरीकडे, ही आमच्या कॅम्पातली पद्धतच.

सुरुवातीला रशियातून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. कच्च्या मालापासून बनवलेलं पहिलं मिग-२१ एफएल हवाई दलाला मिळालं १९७० मध्ये. पुढच्याच वर्षीच्या युद्धात या जातीच्या विमानांनी पाकिस्तानच्या स्टारफायटरना पाणी पाजलं. १९८७ पर्यंत हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ६५७ मिग-२१ बनवली. नंतर मिग-२७ आलं, मग सुखोई.

काका मिगवर रिव्हेट मारायचे. मी विचारलं, "काका, एवढं काय असतं त्यात? भोक पाडलं, रिव्हेट ठोकला."

"तुम्ही एकट्याने ठोकून दाखवा," ते म्हणाले.

रिव्हेटला दोन माणसं लागतात. बाहेरून एकाच्या हातात हवेवर चालणारी गन, आतून दुसऱ्याच्या हातात पोलादाचा ठोकळा. हा आतला माणूस पंखाच्या पोकळीत हात घालून, बऱ्याचदा काहीही न दिसता, ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर धरून बसतो. शेपटी किती चपटी झाली ते तळहाताला कळतं आणि आवाजातही फरक पडतो. गन एक क्षण जास्त चालली तर पत्रा दबतो, कमी चालली तर रिव्हेट सैल राहतो. चुकलेला रिव्हेट काढायचा म्हणजे त्याच्या डोक्यात ड्रिल बरोब्बर मध्यावर बसवायचं. भोक वाकडं झालं तर ते मोठं करून पुढच्या मापाचा रिव्हेट घालता येतो, पण त्याची कागदावर नोंद हवी आणि तपासनिसाची सही हवी. काकांच्या ऐकण्यात आता थोडी कसर आहे. कानात बोळे घालायचा कंटाळा यायचा, असं ते हसत सांगतात. मला हसू आलं नाही.

सुखोई-३० एमकेआय हे वेगळंच प्रकरण. २२ मीटर लांब, पूर्ण भार घेऊन ३८ टनांच्या वर. करार २००० चा, ओझरचं पहिलं विमान २००४ मध्ये हवाई दलाकडे. पुन्हा तीच चढण: आधी जोडणी, मग एकेक भाग इथे बनवणं आणि चौथ्या टप्प्यात कच्च्या मालापासून. अशी २२२ विमानं इथून गेली. ब्राह्मोस बसवण्यासाठी सुखोईचं पोट मजबूत करायचं कामही इथलंच. ते क्षेपणास्त्र घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं २५ जून २०१६ रोजी, ओझरहूनच.

शेजारच्या गावांना या उड्डाणांची किंमतही ठाऊक आहे. जून २०१८ मध्ये चाचणीवरचं एक सुखोई निफाड तालुक्यात वावी ठुशीच्या शिवारात कोसळलं, जून २०२४ मध्ये आणखी एक शिरसगावजवळ. दोन्ही वेळा वैमानिक वाचले. नवं किंवा दुरुस्त केलेलं विमान पहिल्यांदा उडवणं म्हणजे कारखान्याची शेवटची तपासणी, आणि ती शेतांच्या डोक्यावर होते.

परवान्यावर बनवण्याला नाकं मुरडणारे बरेच आहेत. मला ते अर्धंच पटतं. करारात नकाशे मिळतात, मापं मिळतात, अमुक भाग अमुक जाडीचाच का, हे मिळत नाही. साठ वर्षं ओझरने 'कसं' शिकलं आणि 'का' हे मॉस्कोत राहिलं, ही खंत खरी आहे. पण हात मात्र तयार झाला, आणि हात कुठल्याही करारात लिहून मिळत नाही.

आता त्या हाताची परीक्षा तेजसवर आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजस मार्क-१ए ची जोडणीची रांग सुरू झाली, देशातली तिसरी. इथे बनलेलं पहिलं तेजस त्याच दिवशी उडालं. जेमतेम तीन आठवडे आधी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला होता. तेजसचं आरेखन बंगळुरूचं, त्यामुळे 'का' विचारायला या वेळी मॉस्को गाठावं लागत नाही. पण काकांची विद्या इथे थोडीच चालते. या विमानाच्या सांगाड्याचं सुमारे ४५ टक्के वजन कार्बन तंतूंच्या संमिश्राचं. त्यावर गन चालवायची सोय नाही, भोकसुद्धा जपून पाडावं लागतं. ड्रिल पलीकडे निघताना जोर जास्त झाला तर थर सुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. "आमच्या पत्र्याला निदान पोचा तरी यायचा," काका म्हणाले.

इंजिन मात्र अजून अमेरिकेचं. जनरल इलेक्ट्रिककडे ९९ एफ-४०४ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली आणि त्यातलं पहिलं मार्च २०२५ मध्ये मिळालं. म्हणजे आमच्या विनोदातली खरी यूएसए इथेही आहेच, आणि ती वेळेवर माल पाठवत नाही. हवाई दलाची मागणी आता १८० मार्क-१ए ची आहे. ओझरची क्षमता वर्षाला आठ, तिन्ही रांगा मिळून चोवीस. इंजिनं वेळेवर आली तरी हा हिशोब साडेसात वर्षांचा होतो, आणि ती उशिरा आली तर किती वर्षांचा, ते ओझरच्या हातात नाही.